बिनशिंगाचं हरीण

पनवेल
४ डिसेंबर १९९०

आनंद भावोजींना शशिकलाचा नमस्कार.

तुमचं दिवाळीचं पत्र फराळ संपल्यावर पोचलं. तुमच्या दादांचं अक्षर पाटीवर मोत्यासारखं आणि कागदावर कोंबडी चालून गेल्यासारखं, म्हणून नेहमीप्रमाणे ते सांगतात आणि मी लिहिते.

तुम्ही गाळ्याचं लिहिलंत. पळस्प्याच्या रस्त्यावरचा गाळा तुमच्या नावावर आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. न्हावा शेव्याचा कुणी ट्रान्सपोर्टवाला तो ऑफिससाठी मागतोय, पाट्या रंगवण्यात आता राम उरला नाही, पाडव्याला सुट्टीवर येऊन निकाल लावू, असं तुमचं म्हणणं. ठीक आहे. पण त्याआधी एक काम बघा.

खाडीच्या बाजूला प्रभाकर शेठ बर्फाचा कारखाना काढतायत, कोळ्यांच्या होड्यांसाठी. दर्शनी भिंतीवर त्यांना चित्र हवंय, वीस फूट लांब आणि बारा फूट उंच. बर्फाचे डोंगर आणि त्यात हरीण. पाडव्याला उद्घाटन आहे. येणारा-जाणारा प्रत्येक होडीवाला ती भिंत बघणार. ती उठली तर गाळ्याला कामं कमी पडणार नाहीत. ती फसली तर गाळा खुशाल ट्रान्सपोर्टवाल्याला द्या, आम्ही गावी जाऊन आईंच्या मासळीच्या पाट्या उचलू. कबूल?

अडचण अशी की पनवेलात बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. आमच्याजवळ एक कॅलेंडर आहे, त्यात ठिपक्याठिपक्यांचं हरीण बर्फात उभं आहे, डोक्यावर बाभळीएवढी शिंगं. भिंतीवर खडूने तेच आखलंय. पण मनाला पटत नाही. तुम्ही तिथे रस्त्यावरचा बर्फ काढायचं मशीन चालवता, तुम्ही रोज बघता. तिथलं हरीण असंच असतं का, ते खरं सांगा.

तब्येतीला जपा. इकडे सगळं ठीक.

तुमची
शशीवहिनी

*

जोशीमठच्या पुढे, कॅम्प
१९ डिसेंबर १९९०

ती. दादास आनंदाचा साष्टांग नमस्कार. वैनीस नमस्कार.

दादा, तुझं कॅलेंडरवालं हरीण वाचून आख्खा कॅम्प हसला. ठिपक्यांचं हरीण इथे आणून सोडलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं गारठून लाकूड होईल. त्याला कुणी गरम कपडे दिलेत?

इथल्या बर्फात राहतं ते कस्तुरी. मी दोनदाच बघितलंय, दोन्ही वेळा पहाटे, मशीन गरम होईपर्यंत गप्प बसलो होतो तेव्हा. आपल्या मांडीएवढं उंच. कळप नाही, एकटंच फिरतं. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, त्यामुळे कायम उतारावर उभं असल्यासारखं वाटतं. कान मोठे. रंग झाडाच्या भिजलेल्या सालीसारखा. आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला शिंगं नसतात. नराला पण नसतात. त्याऐवजी वरच्या ओठातून दोन सुळे खाली आलेले असतात, बोटभर. आधी मला खोटं वाटलं होतं, पण इथला गढवाली पोरगा म्हणाला की याला शिंगं देवाने दिलीच नाहीत, वास दिला.

गाळ्याचं मी मस्करीत लिहिलं नव्हतं. तू पंधरा दिवस काम करतोस आणि पंधरा दिवस नाक्यावर बसतोस. भिंत नीट झाली तर बोलू. पाडव्याला मी येऊन डोळ्यांनी बघणार आणि मगच ठरवणार. कबूल.

तुझा
आनंदा

*

पनवेल
२ जानेवारी १९९१

आनंद भावोजी,

दादा म्हणतात, आनंदाला सांग, कॅलेंडर फाडलं. भिंतीवरचं हरीणही ओल्या फडक्याने पुसून टाकलं, शिंगांसकट.

प्रभाकर शेठ बघायला आले आणि त्यांचं तोंड चिंच खाल्ल्यासारखं झालं. "शिंगं कुठायत?" म्हणाले. या हरणाला नसतात म्हटलं. "मग बकरीच काढा ना, आणि खाली मटणाचा भाव लिहा." मी म्हटलं, शेठ, तुमचा कारखाना बर्फाचा आहे, बर्फात राहणारं जनावर हेच आहे. ते नुसते हूं करून गेले. ते हूं काही बरं नव्हतं.

बर्फाचं मात्र आता जमलं. कारखान्यात मशीन लावून झालंय, गेल्या आठवड्यात पहिली लादी निघाली. ती उन्हात आणून ठेवायला लावली आणि तासभर तिच्यासमोर बसून सगळं टिपून घेतलं. कडा कशा चमकतात, आत कसा धूर साठल्यासारखा दिसतो, वर पाणी कसं सुटतं. भिंतीवरचा अर्धा बर्फ त्याप्रमाणे रंगवून झाला. आरशासारखा झालाय, भावोजी. त्याच्यावर हरीण उभं करून बघितलंय, त्याची पेन्सिलीने केलेली नक्कल सोबत पाठवते. काय चुकलं ते लिहा. तोंडदेखलं लिहू नका.

तुमची
शशीवहिनी

*

कॅम्प
१६ जानेवारी १९९१

ती. दादास सा. न.

दादा, जनावर फक्कड जमलंय. कान, पाठीचा बाक, सुळे, सगळं. तुझा हात एवढा हलका कधी झाला रे? पूर्वी तू काढलेला बैलसुद्धा ट्रकसारखा दिसायचा.

पण तुझं हरीण लादीवर उभं आहे. पुढच्या क्षणी घसरून पडणार. बर्फ कारखान्यातला वेगळा आणि आभाळातून पडतो तो वेगळा. हा चमकत नाही, काचेसारखा तर अजिबात नाही. हा मऊ असतो. तुला कसं सांगू? ओहोटीला खाडीचा चिखल कसा असतो, तसा धर. वरून सपाट आणि शहाण्यासारखा दिसतो, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. बाहेर काढताना भोक एका बाजूने फाटतं. चार पाय चार वेगळ्या खोलीला जातात आणि अंगाचा भार ज्या पायावर, तो जास्त रुततो. कस्तुरीचे खूर फाकतात, मागची बारकी नखंसुद्धा टेकतात, म्हणून ते आपल्यापेक्षा कमी बुडतं. पण बुडतंच.

आणि सावली काळी काढलीस ती पुसून टाक. बर्फावर सावली निळी पडते. आईने पांढऱ्या कपड्यात नीळ जास्त घातल्यावर बाबा ओरडायचे, तो रंग.

झाडाच्या सालीला अडकलेले कस्तुरीचे दोन केस मिळाले, ते कागदात घालून पाठवतोय. बघ, मुळाशी पांढरा आणि टोकाला काळपट आहे.

तुझा
आनंदा

*

पनवेल
२९ जानेवारी १९९१

आनंद भावोजी,

केस मिळाले. देव्हाऱ्यात ठेवू की भिंतीवर चिकटवू असं झालंय.

आरशासारखा बर्फ सगळा खरवडून काढला. तीन आठवड्यांचं काम होतं, जीव तीळतीळ तुटला, पण चूक ती चूक. मग दादा म्हणाले, नुसतं ऐकून पाय काढता येणार नाहीत, बघायला हवेत. तर त्यांनी शेजारच्या भामाची बकरी मागून आणली आणि ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरले. पोटरीपर्यंत गेले बघा. बकरी आधी पुढे जाईचना. तिला शेवग्याचा पाला दाखवत दाखवत वीस पावलं चालवली. मी वहीत भराभर काढत गेले. तुम्ही लिहिलंत तसंच, पुढचा पाय कमी आणि मागचा जास्त, भोक एका बाजूला फाटलेलं. बंधाऱ्यावर ही गर्दी. कुणीतरी ओरडलं, "पेंटरला याड लागलाय रं, बकरीला पवायला शिकवतंय!" बकरी घरी पोचल्यावर भामाने तिला गरम पाण्याने आंघोळ घातली आणि मला तासभर शिव्या.

आता पाय भिंतीवर आहेत आणि बर्फात आहेत. सावलीला निळा घातला, सात वेळा पुसला आणि आठव्यांदा बसला.

एकच घोर आहे. शेठनी निरोप धाडलाय. पाडव्याआधी शिंगं आली नाहीत तर मुंबईहून दुसरा पेंटर आणून तो वरून काढून घेतील. तुमचे दादा म्हणतात, बघू काय होतं ते.

तुमची
शशीवहिनी

*

कॅम्प
१२ फेब्रुवारी १९९१

सौ. वैनीस,

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावावर आहे. दादाला वाचून दाखवू नकोस.

दादा नऊ वर्षांचा होता आणि मी सात. न्हाव्याच्या खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरायला गेलो होतो. दादा कमरेपर्यंत रुतला. मी ओढत होतो तसा तो अजून खाली जात होता, आणि भरती सुरू झाली. पाणी गळ्याशी आलं तेव्हा बाबा फळी घेऊन पोचले. त्या दिवसापासून दादाने चिखलात पाय ठेवलेला नाही. कोळ्याचा पोरगा होडी सोडून पेंटर झाला तो का, असं तुला कधी वाटलं नाही? तो कुणाला सांगत नाही. तुलाही सांगितलं नसणार, नाहीतर तू हे लिहिलंच नसतंस. बकरीसाठी काय, सोन्यासाठीसुद्धा तो ओहोटीला खाडीत उतरणार नाही.

मग मी मागची सगळी पत्रं काढून वाचली. चित्रातली ती हलकी रेघ. "मी शेठना म्हटलं." "मी वहीत काढलं." दोन महिन्यांत दादाने एकदासुद्धा मला शिवी घातलेली नाही.

वैनी, चिखलात कोण उतरलं? आणि दादा कुठे आहे? खरं लिही. मी इथे बसून उगाच वाईट वाईट विचार करतोय.

आनंदा

*

पनवेल
२२ फेब्रुवारी १९९१

आनंद भावोजी,

आधी घाबरू नका. तुमचे दादा जिवंत आहेत, घरात आहेत, आणि शिव्याही घालतात, फक्त मला.

चिखलात मी उतरले.

एकवीस नोव्हेंबरला हे परांचीवरून पडले. खडूने हरीण आखत होते, बांबूची गाठ सुटली. उजवं मनगट आणि डावी मांडी. तीन महिने खाटेवर आहेत. आईंना मीच सांगितलं की तुम्हाला कळवायचं नाही. पत्रांतलं खोटं माझं आहे. ह्यांनी एक ओळसुद्धा सांगितली नाही, मी काय लिहिते हे त्यांना ठाऊकही नाही.

का लपवलं तेही सांगते. दादा पडले हे कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही गाळा देऊन टाकला असता. मायेनेच दिला असता, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाला असता, पेंटरच आडवा झाला, आता गाळ्यात कोण बसणार? भावोजी, त्या गाळ्यात मी बारा वर्षं बसलेय. हे अक्षराची कड काढतात आणि आत रंग मी भरते. पनवेलातल्या अर्ध्या पाट्यांमध्ये माझा हात आहे. पण विचारलं तर सगळे म्हणणार, काळू पेंटरची बायको, डबा घेऊन येते.

शेठना सुरुवातीला सांगितलं की मी नुसतं अस्तर मारतेय, हे नंतर येतील. दोन आठवड्यांत त्यांना कळलं. साडीच्या आत ह्यांची पँट घालून परांचीवर चढते. लोक हसतात, मग त्यांची मान दुखते आणि ते जातात. त्याचं काही नाही. ह्यांचं वाईट वाटतं. संध्याकाळी मी घरी आले की हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. चित्र कसं चाललंय, हे एकदाही विचारलं नाही. एकदाच म्हणाले, "बाईनं परांचीवर चढायचं आणि मी खाटेवरून लोकांचं हसणं ऐकायचं." मला रडू आलं, पण सकाळी मी चढले.

खाडीचं मला खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर खोट्यातसुद्धा त्यांना तिथे उतरवलं नसतं. त्याची मात्र माफी मागते. बाकीच्याची नाही.

आता तुम्हाला सगळं कळलंय. गाळा द्यायचा तर द्या, तुमचा आहे. पण पाडव्यानंतर द्या. अर्धी भिंत टाकून मी खाली उतरणार नाही. आणि शिंगं काढणार नाही.

शशिकला

*

कॅम्प
५ मार्च १९९१

सौ. वैनीस,

तुझं पत्र वाचून आधी इतका राग आला की मशीन घेऊन एकटाच दरडीपर्यंत गेलो. माझा भाऊ तीन महिने खाटेवर आणि मी इथे बसून त्याला कस्तुरीचे केस धाडतोय! उंटावरून शेळ्या हाकणारा मीच. मग राग उतरला आणि दुसरंच काही वाटायला लागलं, ते लिहिता येत नाही.

रजा मिळाली होती, पण पुढे मोठा कडा घसरलाय, रस्ता उघडेपर्यंत कुणालाच सोडत नाहीत. पाडव्याला मी येत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला पाडवा होईपर्यंत थांब म्हणून तार केलीय. त्याहून जास्त तो थांबणार नाही.

म्हणून वैनी, माझं ऐक. शिंगं काढ. हो, मीच सांगतोय. शिंगं नसतात हे मीच तुला सांगितलं, पण ते खरंखोटं बघायला पनवेलला येतंय कोण? शेठने दुसरा पेंटर आणला तर तुझी भिंतही जाईल आणि गाळाही. दोन शिंगांनी काय बिघडतंय? तुझं मेहनतीचं काम वाचेल. दादाच्या घरात चूल पेटती राहील. मोठ्या मनाने शिंगं दे त्याला. चूक लागली तर माझ्या माथी.

आनंदा

*

पनवेल
२१ मार्च १९९१

आनंदा,

हे मी लिहितोय, काळूराम. अक्षर वाकडं आहे, प्लास्टर निघून पंधरा दिवसच झालेत. शशीला सांगितलेलं नाही. एवढे दिवस ती माझ्या नावाने लिहीत होती, आज माझं मी लिहितो.

तुझं पत्र मिळालं. तिने ते वाचलं, घडी करून पोळपाटाखाली ठेवलं आणि कामाला गेली. ती गेल्यावर मी कुबड्या घेऊन उठलो, काढून वाचलं. मागचीही सगळी वाचली. तू खाडीचं लिहिलंस तेही. दोन दिवस तुझा राग आला होता, आता नाही.

पाडव्याच्या तीन दिवस आधी प्रभाकर शेठ घरी आले. शशी भिंतीवर होती. म्हणाले, "काळूराम, ती काय ऐकत नाय. तू चल. दोन शिंगा काढ, खाली कोपऱ्यात तुझा नाव टाक. बायकोनी केला हे कोनाला सांगायची गरज नाय." तुला माहीत आहे, आपल्या धंद्यात चित्राचा खालचा कोपरा म्हणजे सही. ज्याचं काम त्याचंच नाव तिथे लागतं, दुसऱ्याचं कुणी लावत नाही.

आणि मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, आनंदा. मला बरं वाटलं. जवळजवळ चार महिन्यांनी कुणीतरी मला पेंटर समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या टेम्पोतून गेलो. पडल्यापासून ती भिंत मी बघितली नव्हती. खुर्ची टाकली, मी बसलो आणि वर बघितलं.

मला चांगलं लिहिता येत नाही. बर्फ आहे, डोंगर आहे, ते कुणीही काढेल. पण त्या हरणाला वजन आहे. उजवा मागचा पाय जास्त आत गेलाय, कारण ते मान वळवून बघतंय आणि भार तिकडे आलाय. वीस वर्षांत मी वाघ काढले, सिंह काढले, लक्ष्मीच्या बाजूचे हत्ती काढले, एकालाही वजन नव्हतं. सगळे हवेत लटकलेले. मला ते त्याच दिवशी कळलं, खुर्चीत बसून.

शशी परांचीवरून खाली आली. शेठने सांगितलेलं तिला ठाऊक होतं. तिने भांडण केलं नाही. काळ्या रंगात ब्रश बुडवून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "शिंगं तुम्ही काढा. तुम्हाला अडवणार नाही. पण मी काढणार नाही." आणि बाजूला झाली. पदराने तोंड पुसत होती, रंग अजून पसरत होता.

शेठने माझी खुर्ची धरली. मी कुबडीवर उठलो. खालच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे लिहिलं, शशिकला पेंटर, पनवेल. पंधरा मिनिटं लागली. शि ची वेलांटी वाकडी झाली म्हणून दोनदा पुसली.

शेठ भडकले. म्हणाले, उद्या सगळं पुसून टाकतो. शशी म्हणाली, "पुसा. पण सगळी भिंत पुसा. माझ्या हरणावर दुसऱ्याने शिंगं काढायची नाहीत." दुसरा पेंटर मुंबईहून यायला वेळही उरला नव्हता, म्हणून भिंत राहिली. नशीब म्हण.

पाडव्याला आई आली, गावातल्या दहा-बारा बायकांना घेऊन. भर दुपार, डांबर वितळत होतं. आई भिंतीसमोर उभी राहिली. थोड्या वेळाने तिने पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "गार वाटतंय रं." बायका हसायला लागल्या, मग त्यांतल्या दोघींनीही पदर ओढले. तिकडून शेठ हे बघत होते. तासाभराने मी ऐकलं तर ते होडीवाल्यांना समजावत होते, "यो कस्तुरी हाय. याला शिंगा नसतात. तुमाला काय म्हाईत?" जसं काय त्यांनीच पाळलंय. उरणच्या एका नाखव्याने शशीला विचारलंय, माझ्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, असं एखादं जनावर काढशील का म्हणून. ती म्हणाली, आधी होडी पाण्यात चालताना बघेन, मग सांगेन.

घरी येताना टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, मी हो म्हणालो होतो. ती म्हणाली, "माहीत आहे." एवढंच. मी तिच्यावर बारा वर्षं अन्याय केला, हे मला तिला सांगायचं होतं, ते राहिलं. तुला लिहून ठेवतो.

आता गाळ्याचं. तो तुझा आहे, तू मालक, ट्रान्सपोर्टवाल्याशी तुझं काय ठरलंय ते कळव. इकडे मी काल गाळ्यावरची काळू पेंटरची पाटी खाली घेतली, घासली आणि नवीन रंगवली. वर मोठ्या अक्षरात शशिकला पेंटर, खाली बारीक अक्षरात सहायक काळूराम. अक्षरं मी काढली, रंग तिने भरला. सहा इंची खिळे मारलेत. तुला गाळा द्यायचाच असेल तर रस्ता उघडल्यावर ये, शिडीवर चढ, आणि ती पाटी तुझ्या हाताने उतरव.

तुझा
दादा